आग लागण्याआधीचा माणूस

आपल्या मासिकातून जे स्मृतिलेख प्रसिद्ध होतात, ते बहुधा आपल्याच परिवारांतील वडीलधाऱ्यांविषयी असतात. कोणी शून्यातून पेढी उभी केली, कोणी गावासाठी धर्मशाळा बांधली, कोणी मुलींच्या शिक्षणासाठी देणगी दिली. त्यांचे स्मरण व्हायलाच हवे. आज मात्र मी अशा एका गृहस्थांविषयी लिहीत आहे, जे आपल्या समाजाचे नव्हते, व्यापारी नव्हते आणि ज्यांच्या नावाची संगमरवरी पाटी कोठेही लागलेली नाही. तरीही वर्धा जिल्ह्यातील आपली काही गोदामे आणि जिनिंग आज सुरक्षित उभी आहेत, त्यात त्यांचा वाटा आहे. गेल्या चैत्रात त्यांचे निधन झाले. घरच्या मंडळींना प्रसिद्धी नको आहे, म्हणून त्यांचे नाव येथे देत नाही. नगरपरिषदेच्या अग्निशमन दलात पस्तीस वर्षे नोकरी केलेल्या या गृहस्थांना सारे जण ‘बंबवाले दादा’ म्हणत. मीही तेच नाव वापरतो.

त्यांची माझी ओळख बँकेच्या कामातून झाली. माझी बरीचशी नोकरी हिंगणघाट, आर्वी, पुलगाव आणि वर्धा या कापसाच्या पट्ट्यात गेली. हंगामात जिनिंगवाल्यांना मालाच्या तारणावर कॅश क्रेडिट दिलेले असे आणि महिन्याकाठी साठ्याची तपासणी करण्यासाठी अधिकाऱ्याला जावे लागे. आवारात कापूस किती, रुईच्या गाठी किती, सरकी किती, स्टॉक स्टेटमेंटशी आकडे जुळतात का, विम्याची पॉलिसी चालू आहे का आणि तीवर बँकेच्या हक्काची नोंद आहे का, एवढे पाहून सही करायची, अशी आमची रीत. अशाच एका तपासणीच्या वेळी खाकी गणवेशातले एक उंच, सावळे गृहस्थ मालकांसमोर उभे होते. भिंतीवर टांगलेल्या लाल बादल्यांकडे बोट दाखवून ते विचारत होते, “ह्या बकेटा खाली काऊन हायेत, शेठजी?” आमच्याकडे ‘खाली’ म्हणजे रिकामी. मालक हसून म्हणाले, “दादा, आजवर कधी लागल्या नाहीत.” त्यावर दादा शांतपणे उत्तरले, “लागल्या नाही म्हनूनच इचारतो. लागन त्या दिवशी इचाराले वेळ नसते.”

मी आकडे तपासायला गेलो होतो, ते आकड्यांमागचा माल तपासत होते. त्या दिवसापासून आमचा स्नेह जुळला. त्या बादलीचा तळ गोल का असतो, हे मला त्यांनीच सांगितले. सपाट तळाची बादली कोणीही उचलून नेतो, धुणीभांडी किंवा बांधकामासाठी वापरतो आणि नेमक्या वेळी ती जागेवर सापडत नाही. गोल तळाची बादली जमिनीवर उभी राहत नाही, म्हणून ती खुंटीवरच राहते.

कापसाच्या आगीविषयी त्यांना जेवढे ठाऊक होते, तेवढे क्वचितच कोणाला असेल. आपल्यातील जिनिंगवाल्यांना त्यातले बरेच अनुभवाने माहीत आहे, पण नव्या पिढीसाठी सांगतो. वेचलेल्या कापसात एखादा खडा किंवा खिळा राहून जातो. यंत्रात तो धातूवर घासला की ठिणगी पडते. कधी तेल न मिळालेले बेअरिंग तापते, कधी आवारात शिरलेल्या वाहनाच्या सायलेन्सरमधून किटाळ उडते, आणि विडी तर आहेच. मोकळ्या कापसावर आग वाऱ्यासारखी पसरते. वरचे तंतू क्षणार्धात पेटतात आणि मनुष्य धावून जाईपर्यंत ज्वाळा गंजीच्या दुसऱ्या टोकाला पोहोचलेली असते. बांधलेल्या गाठीचा स्वभाव याच्या उलट असतो. तेथे आग आत शिरते आणि धुमसत राहते. बाहेरून पाणी मारले की गाठ काळी, ओली आणि विझलेली दिसते, पण दोन-दोन दिवसांनी तिच्या पोटातून पुन्हा धूर येऊ लागतो. म्हणून जळलेल्या गाठी उघड्या मैदानात एकमेकींपासून लांब ठेवाव्या लागतात, फोडून पाहाव्या लागतात आणि त्यांच्यावर पहारा ठेवावा लागतो. दादांचा नियम असा होता की, राख गार झाल्याखेरीज जागा सोडायची नाही. गार झाली की नाही, हे डोळ्यांनी ठरवायचे नाही. हाताची मागची बाजू राखेजवळ नेऊन पाहायचे. “डोया फसवते, हात नाही फसवत,” असे ते म्हणत.

दादा सेलू तालुक्यातल्या एका लहान गावातून आलेले. वडील दुसऱ्याच्या शेतात सालदार होते. दहावीनंतर पुढे शिकणे शक्य नव्हते. नगरपरिषदेत फायरमनची जागा निघाली आणि उंची, छाती व धावणे यांच्या बळावर ती त्यांना मिळाली. या नोकरीनेच त्यांना रानाचे वेड लावले, हे मात्र मला फार उशिरा कळले. नोकरीच्या पहिल्या उन्हाळ्यात एका माळरानावरचे गवत पेटले म्हणून बंब गेला. ज्वाळा आणि धूर पाहून हा नवखा तरुण घाबरला होता. इतक्यात त्याला दिसले की, सगळे जीव आगीपासून दूर पळत असताना निळ्या पंखांचा एक पक्षी धुराच्या कडेकडेने उडत आहे, खाली झेप घेत आहे आणि पुन्हा वर येत आहे. तो नीलपंख होता. दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानतात, तोच हा पक्षी. गवत पेटले की त्यातले नाकतोडे आणि किडे बाहेर पडतात, आणि त्यांना टिपण्यासाठी नीलपंख व कोतवाल आगीच्या कडेला जमतात, हे दादांना पुढे समजले. पण त्या दिवशी एवढेच वाटले, “एवढासा जीव आगीची रीत पाहून घेते अन् आपलं काम करते. मंग आपन काऊन भ्यायचं?” तेव्हापासून ते पक्षी पाहू लागले, पक्ष्यांसाठी झाडे पाहू लागले आणि झाडांसाठी रविवारची सुट्टी रानात घालवू लागले.

त्यांच्याकडे महागडी दुर्बीण नव्हती, कॅमेराही नव्हता. सायकल, पुढे एक जुनी लुना, खांद्यावर पिशवी, तीत भाकरी, कांदा आणि पाण्याची बाटली. पवनारच्या धाम नदीच्या काठापासून गिरडच्या टेकडीपर्यंत आणि बोर धरणाच्या परिसरापर्यंत जिल्ह्याचा भूगोल त्यांनी पायांनी पाठ केला होता. साग, तेंदू, मोह, ऐन, धावडा ही झाडे ते पानांवरून ओळखत, आणि पाने झडली असतील तर सालीवरून. बँकेतल्या आम्हा चार-पाच जणांना त्यांनी हळूहळू आपल्यामागे चालायला लावले. आयुष्यभर खुर्चीत बसून आकड्यांची बेरीज करणाऱ्या माणसांना पहाटे साडेचारला उठवणे सोपे नव्हते. ते साधेल तर दादांनाच, कारण ते दाराशी येऊन बेल वाजवत नसत. नुसते फाटकाबाहेर उभे राहत, आणि कोणी आपल्यासाठी अंधारात उभे आहे या जाणिवेने झोप आपोआप उडे.

दरवर्षी १४ एप्रिलला अग्निशमन दलाकडून शहीद जवानांना मानवंदना दिली जाते आणि पुढचा आठवडा अग्निसुरक्षेच्या प्रचारात जातो. हा दिवस का पाळतात, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ नावाच्या जहाजावर आग लागली. महायुद्धाचे दिवस होते. जहाजात सुमारे १४०० टन स्फोटके होती आणि कराचीला चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठीही होत्या. दुपारी कापसातून धूर येऊ लागला. जवान आत पाणी मारत राहिले, पण आग गाठींच्या पोटात धुमसत होती. चार वाजून गेले आणि पहिला प्रचंड स्फोट झाला, त्यानंतर काही वेळाने दुसरा. जहाजावर इंग्लंडहून आलेल्या सोन्याच्या विटाही होत्या, त्या उडून शहरात दूरवर जाऊन पडल्या. शेकडो माणसे मेली. अग्निशमन दलाचे ६६ जवान कर्तव्यावर असताना गेले.

दादा ही हकिगत शाळांमधून सांगत तेव्हा सोन्याच्या विटांचा भाग मुलांना फार आवडे. मोठ्या माणसांपुढे मात्र ते दुसऱ्याच गोष्टीवर थांबत. कापूस आणि दारूगोळा एका जहाजात कोणी ठेवला? त्या काळी युद्धाची निकड होती, जहाजे कमी होती, हे सारे त्यांना मान्य होते. पण त्यांचे म्हणणे असे की, जवानांचे मरण स्फोटाच्या क्षणी ठरले नव्हते. माल चढवला त्याच दिवशी ते ठरले होते. आणि मग हलकेच म्हणत, “साहेब, आपल्या जिल्ह्यात दोन्ही हायेत. कापूसबी अन् दारूगोळाबी.”

दारूगोळा म्हणजे पुलगावचे भांडार. देशाच्या लष्कराचा दारूगोळा जेथे साठवला जातो, त्या सर्वांत मोठ्या केंद्रांपैकी हे एक. पुलगावच्या शाखेत असताना मी त्या परिसराबाहेरून कितीदा तरी गेलो आहे. तारेच्या कुंपणापलीकडे लांबच लांब पसरलेली शांत झाडी, एवढेच बाहेरच्या माणसाला दिसते. तेथील अग्निशमन विभागातल्या कित्येक कर्मचाऱ्यांशी दादांचा परिचय होता. एकाच जिल्ह्यात एकच काम करणारी माणसे, कधी प्रशिक्षणात भेटत, कधी लग्नकार्यात.

३१ मे २०१६ च्या रात्री, एकच्या सुमारास, त्या भांडारातील एका शेडला आग लागली. शेडमध्ये रणगाडाविरोधी सुरुंग साठवलेले होते. जवान आग विझवण्यासाठी पुढे गेले आणि स्फोट झाला. पहिल्या मोजणीत सोळा मृतदेह मिळाले, पुढे हा आकडा वाढला. मृतांत दोन लष्करी अधिकारी होते, आणि बहुतेक मृत हे अग्निशमनाचे काम करणारे कर्मचारी होते. आगरगाव आणि लगतच्या गावांतील लोकांना रात्रीच घरे सोडावी लागली. आग इतर शेडपर्यंत पसरली असती, तर काय झाले असते याची कल्पनाही करवत नाही.

दादा तेव्हा निवृत्त होऊन सात वर्षे झाली होती. त्या पहाटे त्यांना फोन आला आणि ते लुनाऐवजी मुलाची मोटारसायकल घेऊन निघाले. भांडाराच्या आत त्यांना जाता येणार नव्हते, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी बाहेर पडलेल्या गावकऱ्यांमध्ये दिवस काढला. कोणाची म्हातारी आई मागे राहिली आहे का, कोणाच्या औषधाच्या गोळ्या घरी राहिल्या आहेत का, लहान मुलांना पाणी मिळाले का, हे पाहत फिरले. संध्याकाळी परत आले तेव्हा मी त्यांच्या घरी गेलो. ओट्यावर बसले होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “ते पोरं पयाले नाही, साहेब.” त्यांना माहीत असलेली नावे त्या यादीत होती.

पुढे महिनाभर ज्याला त्याला अग्निशमन दलाच्या शौर्याविषयी बोलायचे होते. सत्कार झाले, भाषणे झाली. दादांना दोन ठिकाणी वक्ता म्हणून बोलावले होते, ते दोन्हीकडे गेले नाहीत. मी कारण विचारले, तेव्हा जे ते म्हणाले ते आपल्या प्रत्येक व्यापाऱ्याने ऐकण्यासारखे आहे. त्यांच्या बोलीतले शब्द मला जसेच्या तसे आठवत नाहीत, आशय असा होता: विझवणाऱ्याची छाती मोजण्याआधी ठेवणाऱ्याचे गोदाम मोजावे. आग लागली म्हणजे मालक बाहेर येतो आणि कोणाचा तरी मुलगा आत जातो. तो आत गेल्यावर त्याला वाट मोकळी मिळेल की अडगळीत पाय अडकेल, टाकीत पाणी असेल की तळाशी गाळ असेल, कोपऱ्यात काय साठवले आहे हे त्याला कोणी सांगितलेले असेल की नसेल, हे सारे मालकाने सहा महिने आधी ठरवलेले असते.

मी आयुष्यभर जोखमीचा हिशेब केला. पण आमच्या हिशेबात जोखीम म्हणजे रक्कम. माल जळाला तर विमा मिळेल का, कर्ज वसूल होईल का, एवढेच आमचे प्रश्न. दादांच्या हिशेबात जोखीम म्हणजे आत जाणारा मनुष्य, आणि त्याची रक्कम कोणत्याही पॉलिसीत बसत नाही.

येथे व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगून ठेवतो, कारण दादांना नुसते गुणगान आवडले नसते. पहिली गोष्ट कायद्याची. ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ या कायद्यानुसार तो ज्या इमारतींना लागू होतो, तेथील आगप्रतिबंधक यंत्रणा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावर किंवा भोगवटादारावर आहे. परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून तिचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, सादर करायचे असते. हे प्रमाणपत्र म्हणजे फाईलला लावायचा कागद नव्हे. तपासणीला येणाऱ्या माणसाला पाण्याचा पंप आपल्यासमोर चालू करून दाखवायला सांगावे. दुसरी गोष्ट विम्याची. पन्नास लाखांचा माल ठेवून पंचवीस लाखांचा विमा काढला, तर दहा लाखांचे नुकसान झाल्यावर दहा लाख मिळतील, अशी अनेकांची समजूत असते. तसे होत नाही. माल जेवढ्या प्रमाणात कमी किमतीला विमित केला असेल, तेवढ्याच प्रमाणात भरपाईही कमी होते. या उदाहरणात हाती पाचच लाख येतात. हंगामात साठा वाढला की विम्याची रक्कमही वाढवावी.

निवृत्तीनंतर दादांनी आपले काम रानात नेले, असे म्हटले तरी चालेल. आपल्या जिल्ह्यातील बोर अभयारण्याला २०१४ साली व्याघ्रप्रकल्पाचा दर्जा मिळाला. सुमारे १३८ चौरस किलोमीटरचा हा प्रकल्प तेव्हा देशातील सर्वांत लहान व्याघ्रप्रकल्प म्हणून ओळखला गेला. जंगल लहान असले की वणव्याचे भय मोठे, कारण पळून जाणाऱ्या प्राण्यांना जागाच उरत नाही. वनविभाग उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढतो, म्हणजे ठरावीक रुंदीच्या पट्ट्यातले गवत आणि पालापाचोळा आधीच काढून किंवा जाळून टाकतो, जेणेकरून आग आली तर तेथे येऊन थांबावी. दादा म्हणत की, ही जाळरेषा पाहिली की त्यांना गंजींमध्ये सोडलेली मोकळी जागा आठवते. तत्त्व एकच आहे. आगीला पुढचा घास मिळू द्यायचा नाही.

पण वणवे बहुतेक माणसाच्या हातून लागतात, हे त्यांना ठाऊक होते. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुले गळतात. खालचा पाचोळा जाळला की मोकळ्या जमिनीवर पडलेली फुले वेचायला सोपी जातात, म्हणून झाडाखाली आग लावली जाते. ती विझवल्याविना वेचणारे पुढच्या झाडाकडे जातात. तेंदूची कोवळी पाने चांगली फुटावीत म्हणूनही कोणी आग लावतो. शेतकरी धुरे पेटवतात आणि वारा फिरला की ती आग रानात शिरते. दादांनी कोणालाही दटावले नाही. मोहफुले हा त्या माणसांचा वर्षाचा आधार आहे, हे सालदाराच्या मुलाला कोणी सांगायला नको होते. ते हंगामाच्या आधी ओळखीच्या गावांतून जात, सोबत चार-सहा खराटे नेत आणि मोहाखाली स्वतः झाडून दाखवत. झाडायला वेळ किती लागतो आणि जाळून, आग आटोक्यात ठेवून, राखेतून फुले वेचायला किती लागतो, हे बायांना मोजून दाखवत. काही जणी हसत. काही जणी खराटा ठेवून घेत. पुढच्या वर्षी ते पुन्हा जात. असे दहा उन्हाळे त्यांनी केले. त्यांच्यामुळे किती वणवे टळले, असे मला कोणी विचारले तर सांगता येणार नाही. लागलेल्या आगीची नोंद ठाण्याच्या नोंदवहीत होते, विमा कंपनीकडे होते, वर्तमानपत्रात होते. न लागलेल्या आगीची नोंद ठेवणारी वही मी तरी चाळीस वर्षांत पाहिली नाही.

शेवटची तीन-चार वर्षे त्यांना दम लागत असे. एवढी वर्षे छातीत गेलेला धूर आपला हिशेब मागत होता. लांब चालणे बंद झाले, तेव्हा घराच्या ओट्यावर मातीच्या परळात पाणी ठेवून ते येणारे पक्षी पाहू लागले. कोणी व्यापारी भेटायला आला की पहिला प्रश्न तोच असे, “टाकी भरलेली हाय ना?” हो म्हटले की, “पाहून सांगता का आठवून सांगता?” असा दुसरा.

ते गेले तो दिवस चैत्रातल्या कडक उन्हाचा होता. स्मशानभूमीच्या कडेला वाळलेले गवत उभे होते आणि सायंकाळी वारा सुटला होता. रीतीप्रमाणे लोक पाणी घेऊन, नमस्कार करून पांगले. मी निघालो तेव्हा दलातली दोन तरुण मुले मागेच थांबलेली दिसली. दादांनी शिकवलेल्या शेवटच्या तुकडीतली ती मुले होती. त्यांनी कडेच्या गवतावर सभोवार पाणी मारून घेतले होते आणि एका दगडावर बसली होती. घरी चला म्हटले, तर त्यांतला एक म्हणाला, “तुम्ही व्हा पुढं, काका. राख गार झाल्यावर येतो आम्ही.”